कणीस आधी पाहावे, मग शिजवावे

पावसाने जोर धरला की बाजाराच्या कोपऱ्याकोपऱ्यावर मक्याच्या कणसांचे ढीग दिसू लागतात. आपल्यातील कित्येक कुटुंबांचा व्यवसाय पिढ्यानपिढ्या भुसाराचा. पोत्यात हात घालून मक्याचा ओलावा सांगणारी माणसे आपल्याच घरांत आहेत. तो १४ टक्क्यांच्या वर गेला की भाव कसा उतरतो, हे त्यांना ठाऊक असते. पण हाच मका कोवळा, हिरवा असा स्वयंपाकघरात येतो, तेव्हा त्याची पारख गृहिणीला करावी लागते आणि ती पोत्यातल्या मक्याहून अवघड असते.

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यातील गोष्ट. कणसे पानांसकट उकडली की त्यांची गोडी आतल्या आत राहते, असे मी ऐकले होते. ते खोटे नाही. मोठ्या उत्साहाने आठ कणसे जशीच्या तशी पातेल्यात उभी केली. सुगंध घरभर दरवळला. ताटात घेऊन सोलू लागले, तर तिसऱ्या कणसाच्या शेंड्याशी उकडलेली अळी. सासूबाईंनी पातेले उचलून बाजूला ठेवले. रागाचा एक शब्दही त्या बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी एकासणे केले. त्यानंतर दोन पावसाळे आमच्या घरात कणीस आले नाही, आणि ते का येत नाही हे कोणी विचारलेही नाही.

तिसऱ्या वर्षी त्या स्वतःच चार कणसे घेऊन आल्या. दुपारच्या उजेडात मला ओसरीवर बसवले आणि म्हणाल्या, “कणसाचा काही दोष नाही ग, आपण पाहिले नाही.”

पाहायचे कसे, ते आता सांगते. अळी बहुधा शेंड्याकडून, केसांच्या वाटेने आत शिरते. कणसाचा प्रत्येक केस एकेका दाण्यापर्यंत पोहोचलेला असतो, त्यामुळे ही वाट सर्वत्र जाते. केसांत ओलसर भुश्यासारखी घाण दिसली किंवा पानाला भोक आढळले, तर ते कणीस विकतच घेऊ नये. २०१८ मध्ये कर्नाटकात आढळलेली आणि पुढे महाराष्ट्रातही पसरलेली लष्करी अळी आल्यापासून तर ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. घरी आणल्यावर पाने एकेक करून देठाकडे उलटी वळवावीत, तोडू नयेत. केस ओढून काढावेत, दाण्यांच्या ओळींमधून बोट फिरवावे, शेंडा नीट न्याहाळावा. हे काम दिवसाउजेडीच करावे. ट्यूबलाइटखाली हिरवट अळी हिरव्या देठावर दिसत नाही. मिठाच्या पाण्यात कणसे बुडवली की किडे बाहेर येतात, असा सल्ला पुष्कळ जणी देतात. येतात खरे, परंतु बहुधा मेलेले. अळी सापडलीच, तर ती ज्या केसांवर वा पानावर असेल त्यासकट उचलून झाडाखाली सावलीत ठेवावी.

पाहून झाले की तीच पाने पुन्हा कणसावर ओढून घ्यावीत आणि त्याच पानाच्या चिंधीने वर गाठ मारावी. पानांसकट शिजवण्याची गोडीही राहते आणि मनाला रुखरुखही उरत नाही. माझी सर्वांत आवडती पद्धत हीच. अशी बांधलेली कणसे दहा मिनिटे पाण्यात ठेवावीत, मग लोखंडी तव्यावर मंद आचेवर, वर झाकण ठेवून, फिरवत फिरवत पंधरा-वीस मिनिटे भाजावीत. पाने करपतात, आतले दाणे स्वतःच्याच वाफेवर शिजतात. गाठ सोडताच जो वास येतो, तो नुसत्या उकडलेल्या कणसाला कधीच येत नाही. मायक्रोवेव्हमध्ये पानांसकट कणीस ठेवण्याची टूम हल्ली निघाली आहे. तिथेही आधी उलगडून पाहण्याला पर्याय नाही.

आता थोडे वाणाविषयी. गावठी मका आणि स्वीट कॉर्न ही दोन निराळी प्रकरणे आहेत, आणि पुष्कळशी फजिती दोन्हींना एकच न्याय लावल्याने होते. गावठी कणीस निखाऱ्यासाठी. दाण्यात नख रोवल्यावर दुधासारखा रस आला तर ते भाजण्याजोगे; पीठ लागले तर जून झाले असे समजावे आणि कुकरची वाट धरावी. चांगल्या चार-पाच शिट्ट्या त्याला लागतात. स्वीट कॉर्नला मात्र उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटे किंवा मोदकपात्रात दहा मिनिटांची वाफ पुरे. जास्त वेळ ठेवले की दाणे सुरकुततात. तेच थेट गॅसच्या ज्वाळेवर धरले, तर साखर वरून जळते आणि आत कच्चे राहते. म्हणून आधी चार मिनिटे वाफ द्यावी, मगच जाळीवर फिरवावे. मीठ पाण्यात घालण्यात फारसा अर्थ नाही, दाण्याची साल ते आत जाऊ देत नाही.

आणखी एक, आणलेले कणीस त्याच दिवशी करावे. जुन्या गोड वाणांत तर ३० अंशांच्या उष्म्यात एका दिवसात निम्म्याहून अधिक साखरेचा स्टार्च होतो. नवी वाणे अधिक टिकतात, तरी ताज्याची सर त्यांनाही नाही. सोलून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कणसे दिसायला स्वच्छ, पण ती कधी तोडली हे कोण सांगणार?

बाहेर कणसाला लोणी फासून देतात. आपल्या घरी लोणी नाही, आणि त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. गरम कणसावर साजूक तुपाचा हात फिरवून सैंधव, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि तिखट लावावे. लिंबाच्या फोडीला मीठ-तिखट लावून ती कणसावर चोळण्याची रस्त्यावरची रीत तर निर्दोष आहेच. खोबरे, तीळ, दाण्याचे कूट आणि टोमॅटो यांच्या रश्श्यात उकडलेल्या कणसाचे दोन-दोन इंचांचे तुकडे सोडले, की कांदा-लसणाची आठवणही होत नाही. तुकडे उकडल्यानंतरच करावेत. कच्चे बुरकुंड सुरीला दाद देत नाही आणि बोट कापते.

घरात दात नसलेले वडीलधारे असतात, त्यांना कणसाचा मोह होतो आणि ते गप्प बसतात. त्यांच्यासाठी कोवळे कणीस किसणीवर किसावे. तुपात मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची यांची फोडणी करून त्यात कीस परतावा, थोडे दूध घालून आटवावा. इंदूरकडचा हा भुट्ट्याचा कीस आल्याशिवायही उत्तम होतो.

वेळेचे म्हणाल, तर कणीस म्हटले की आपल्याला संध्याकाळच आठवते, आणि तिथेच चौविहार पाळणाऱ्यांची पंचाईत होते. ढगाळ दिवसांत सूर्य कधी मावळला ते कळत नाही. आमच्याकडे चार वाजता कणसे तव्यावर चढतात आणि साडेपाचला ताटे विसळलेली असतात. उरलेली बुरकुंडे त्याच वेळी पाण्यात उकळून ते पाणी संध्याकाळच्या आमटीत घालते. रात्रभर काही ठेवायचे नाही. ज्या घरी तिथी पाळतात तिथे अष्टमी-चतुर्दशीला हिरवे कणीस येतच नाही, म्हणून बाजारहाट पंचांग पाहूनच करावी.

सासूबाई आता ८१ वर्षांच्या आहेत. त्यांच्यासाठी कीस होतो, पण कणसे सोलायला ओसरीवर त्याच बसतात, चष्मा लावून, मांडीवर जुने वर्तमानपत्र पसरून. नातवंडांना त्यांनी ओळी मोजायला लावले आहे. चौदा, सोळा, कधी अठरा, नेहमी सम संख्या. विषम ओळींचे कणीस आणील त्याला दहा रुपये, असे त्यांनी जाहीर केले आहे. गेल्या रविवारी सात कणसांपैकी दोन बाजूला निघाली. धाकट्या नातवाने ती पानांसकट उचलून बागेतल्या पेरूखाली नेऊन ठेवली आणि परत येऊन विचारले, “आजी, अळीने ओळी मोजल्या असतील का ग?”