उपाशीपोटीची साखर

रात्री आठानंतर पाण्याखेरीज काही घेतले नाही, आणि तरीही सकाळी रक्तातील साखर दीडशेच्या वर! मधुमेही माणसाची ही तक्रार घरोघर ऐकू येते. घरच्या मंडळींना तिचा एकच अर्थ सुचतो. तो असा की, रात्री कोणाचा तरी हात लाडवांच्या डब्यात गेला असला पाहिजे. ह्या संशयाने कित्येक वडीलधाऱ्या माणसांवर निष्कारण अन्याय होतो. ती साखर बहुधा डब्यातली नसतेच. ती यकृतातली असते.

आपले शरीरच साखर निर्माण करते, ही गोष्ट क्लोद बेर्नार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिली. केवळ मांसावर ठेवलेल्या कुत्र्याच्या यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात त्याला १८४८ साली साखर आढळली. ह्यात निसर्गाची मोठी दूरदृष्टी आहे. आपण झोपतो, पण मेंदू झोपत नाही. त्याला रात्रभर साखर लागते. ती पुरविण्यासाठी यकृत आपल्या कोठारातील साठा थोडा थोडा मोकळा करते आणि काही साखर नव्यानेही घडवते. ह्या कोठारावर पहारा असतो तो इन्सुलिनचा. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात यकृत ह्या पहारेकऱ्याला जुमानत नाही आणि गरज नसताही साखर रक्तात सोडत राहते. त्यातच पहाटे, शरीराला जागे करण्याच्या तयारीत, कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके रक्तात वाढतात व यकृताला अधिकच चेव येतो. निरोगी माणसाचे स्वादुपिंड त्या वेळी थोडे जास्त इन्सुलिन सोडून तोल सांभाळते. मधुमेह्याला ते साधत नाही.

म्हणूनच सकाळचा आकडा उतरविण्यासाठी रात्रीचे जेवण टाकणे हा उपाय नव्हे. ज्यांना इन्सुलिन किंवा ते स्रवविण्यास भाग पाडणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्या बाबतीत तर तो धोक्याचा आहे. मध्यरात्री साखर एकाएकी घसरते, दरदरून घाम सुटतो, हातपाय थरथरतात, प्रसंगी शुद्धही हरपते. (आपल्याकडे उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, ही गोष्ट वेगळी, साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टच!)

त्यापेक्षा वाढ नेमकी कोठे होते, हे शोधावे. दोनतीन रात्री निजताना, पहाटे तीनच्या सुमारास आणि उठल्याबरोबर अशी साखर मोजून टिपून ठेवावी. निजतानाच आकडा चढलेला असेल, तर दोष जेवणाकडे जातो: उशिरा जेवणे, भाताचा दुसरा वाढा, जेवल्यावर लागलीच अंथरुणावर पडणे. अशा वेळी जेवण लवकर उरकून पंधरावीस मिनिटे फिरून आल्याने फरक पडतो. तीनपर्यंत आकडा स्थिर राहून मग चढत असेल, तर तो पहाटेचा प्रताप होय. तीन वाजता तो ७० च्या खाली गेलेला आढळल्यास मात्र तत्काळ साखर घ्यावी आणि औषधाच्या मात्रेविषयी डॉक्टरांना विनाविलंब कळवावे. ही टिपणे त्यांना रुग्णाच्या शपथांपेक्षा अधिक उपयोगी पडतात. मेटफॉर्मिन हे सर्वपरिचित औषध मुख्यत्वे यकृताच्या ह्या उधळेपणालाच आवर घालते. मात्र त्याची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावयाची असते. वजन उतरले, झोप पुरी झाली, म्हणजे इन्सुलिनचा अंमलही सुधारतो.

सर्वसाधारणपणे मधुमेह्याची उपाशीपोटीची साखर ८० ते १३० च्या दरम्यान असावी, असे मानतात. वृद्धांसाठी व दुबळ्यांसाठी ही मर्यादा डॉक्टर सैल करतात. एखाद्या सकाळच्या आकड्याने हवालदिल होण्याचे कारण नाही. सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी जोडीला असतेच. परंतु पथ्य नीट पाळूनही आकडा वर्षागणिक चढत असेल तर? ब्रिटनमधील एका दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. काळ लोटतो तशी स्वादुपिंडाची इन्सुलिन निर्माण करण्याची शक्ती क्षीण होत जाते, असे त्यात दिसून आले. तेव्हा डॉक्टरांनी गोळी वाढविली किंवा इन्सुलिन सुरू करण्यास सांगितले, तर ती रुग्णाला झालेली शिक्षा नव्हे. ‘इन्सुलिन म्हणजे शेवट’ अशा समजुतीने ते वर्षानुवर्षे लांबणीवर टाकणारे लोक आहेत. आणि तेवढ्या अवधीत डोळ्यांच्या, मूत्रपिंडांच्या व पायांच्या नसांच्या तक्रारी निमूटपणे वाढत असतात.