तीळ काढण्याचे घरगुती उपाय व त्यांतील धोके : वऱ्हाडातील प्रचलित पद्धतींच्या संदर्भात

प्रस्तावना

मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेले अकोला जिल्ह्यातील बाळापूर हे गाव तेथील किल्ल्यासाठी व मिर्झाराजे जयसिंगाच्या छत्रीसाठी प्रसिद्ध आहे. प्रस्तुत लेखाचा संबंध मात्र या इतिहासाशी नसून बाळापुरात, किंबहुना वऱ्हाडातील कोणत्याही बाजाराच्या गावी, किराणा दुकानाच्या फळीवर सहज मिळणाऱ्या चार जिनसांशी आहे. पानाचा चुना, धुण्याचा सोडा, पापडखार आणि बिब्बा या त्या जिनसा होत. पाचवी वस्तू म्हणजे रुईचा चीक. तो तर शेताच्या बांधावर फुकट मिळतो. चेहऱ्यावरील वा अंगावरील तीळ घालविण्यासाठी या वस्तूंचा उपयोग पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जात आहे. ‘घरगुती’ या शब्दामुळे हे उपाय सौम्य असावेत अशी वाचकाची समजूत होते. वस्तुतः यांपैकी जे उपाय परिणाम करतात ते त्वचा जाळूनच करतात, आणि जे त्वचा जाळत नाहीत ते तिळावर काहीच परिणाम करीत नाहीत. बटाट्याची चकती, कांद्याचा रस, मध, एरंडेल तेल हे दुसऱ्या गटातील उपाय असून त्यांची अधिक चर्चा करण्याचे प्रयोजन नाही.

तिळाविषयी आपल्या समाजाची वृत्ती दुहेरी आहे. हनुवटीवर वा गालावर तीळ नसेल तर तो गोंदवून घेण्याची रीत स्त्रियांमध्ये होती. दुसरीकडे डोळ्याखालचा तीळ अशुभ मानून तो विवाहापूर्वी काढून टाकण्याचा आग्रह धरला जातो. विवाहाची बोलणी सुरू होण्याच्या सुमारास हे उपाय घाईने केले जातात. ते बहुधा मुलींच्या चेहऱ्यावर केले जातात, ही बाब सामाजिकदृष्ट्याही विचारात घेण्यासारखी आहे.

तीळ, मस आणि चामखीळ

बोलीभाषेत तीळ, मस व चामखीळ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, आणि पुष्कळसा घोटाळा येथूनच सुरू होतो. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा एका ठिकाणी झालेला समूह म्हणजे तीळ. प्रौढ माणसाच्या अंगावर दहा ते चाळीस तीळ असणे ही सर्वसाधारण स्थिती आहे. यांतील बहुतेक तीळ बालपणात व तरुणपणात उमटतात आणि आयुष्यभर निरुपद्रवी राहतात. मस हा विषाणूमुळे होणारा संसर्ग आहे. तो खरवडल्यास शेजारी पसरतो. मानेवर वा काखेत बारीक देठाने लोंबणारी चामखीळ ही केवळ वाढलेली कातडी असते. चामखिळीला घोड्याचा केस वा रेशमी दोरा आवळून बांधण्याचा उपाय प्रचलित आहे. त्यामुळे देठातील रक्तपुरवठा तुटतो व ती गळून पडते, हे खरे आहे. जंतुसंसर्गाचा धोका मात्र त्यातही राहतो. एका विकारावर उतारा पडलेला पाहून दुसऱ्यावर तोच प्रयोग करावा, असे घडते. वास्तविक सपाट तिळाला देठच नसतो, त्याच्या पेशी त्वचेच्या खालच्या थरापर्यंत उतरलेल्या असू शकतात आणि वरवरचा कोणताही उपाय त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

हा भेद आपल्या प्राचीन वैद्यकाला ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील तेराव्या अध्यायात चव्वेचाळीस क्षुद्ररोग वर्णिले आहेत. त्यांत तिळाएवढा, काळा, न दुखणारा व त्वचेशी समतल असा ‘तिलकालक’, उडदासारखा वर आलेला ‘मषक’ आणि जन्मजात ‘जतुमणि’ हे तीन विकार निरनिराळे सांगितले आहेत. चिकित्सास्थानाच्या विसाव्या अध्यायात हे विकार शस्त्राने काढून क्षाराने वा अग्नीने दग्ध करावेत असे म्हटले आहे. म्हणजे ‘जुन्या ग्रंथांतही तीळ जाळायलाच सांगितले आहे’ असा युक्तिवाद कोणी केल्यास तो निराधार ठरत नाही. परंतु ग्रंथ तेथेच थांबत नाही.

चुना आणि सोडा

वऱ्हाडात सर्वाधिक ऐकू येणारा उपाय म्हणजे ओला चुना आणि धुण्याचा सोडा किंवा पापडखार एकत्र कालवून काडीच्या टोकाने तिळावर लावणे. या मिश्रणात काय घडते हे शालेय रसायनशास्त्राच्या आधारे सांगता येते. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. हे दोन्ही पाण्यात एकत्र येताच खडू खाली बसतो व द्रवात सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच कॉस्टिक सोडा, तयार होतो. साबणाच्या कारखान्यात हातमोजे घालून हाताळला जाणारा दाहक पदार्थ आपण घरच्या वाटीत अजाणता तयार करून चेहऱ्यावर लावीत असतो. पापडखारात सोडियमचे कार्बोनेट व बायकार्बोनेट असल्याने परिणाम त्याच जातीचा होतो. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवरातून पूर्वी काढला जाणारा क्षारही याच कुळातील.

आम्लाने त्वचा भाजली असता ऊतीतील प्रथिने साकळून एक कठीण थर बनतो आणि तो थर आम्लाला काही प्रमाणात पुढे जाण्यापासून रोखतो. अल्कलीच्या बाबतीत असे घडत नाही. ती चरबीचे साबणात रूपांतर करते, प्रथिने विरघळविते आणि खोल उतरत राहते. प्रारंभी वेदना अल्प असल्याने ‘काही होत नाही’ असे समजून लेप अधिक वेळ ठेवला जातो. खपली पडते व तीळ गेला असे वाटते. त्या जागी मागे राहतो तो खड्डा, पांढरा डाग किंवा उंच वाढणारा व्रण, ज्याला केलॉइड म्हणतात. गव्हाळ व सावळ्या त्वचेत केलॉइडचे आणि भाजल्यानंतर उरणाऱ्या काळेपणाचे प्रमाण गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक आढळते. तीळ डोळ्याजवळ असल्यास धोका आणखी वाढतो, कारण चुन्याने बुबुळाला होणारी इजा कायमची ठरू शकते.

सुश्रुताचा क्षार रसायनदृष्ट्या याहून वेगळा नाही. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात वनस्पतींच्या राखेचे पाणी व भाजलेले चुनखडी-शिंपले यांच्यापासून क्षार करण्याची कृती आहे. त्यातून पोटॅशियमची दाहक अल्कली तयार होते. फरक आहे तो शिस्तीचा. क्षाराचे मृदू, मध्यम व तीक्ष्ण असे प्रकार, लावण्याचा काळ शंभर मात्रा उच्चारण्याइतका, तो कोणाला लावू नये याची यादी, आणि नंतर आम्ल पदार्थाने त्याचे शमन, हे सर्व तेथे नेमकेपणे दिले आहे. अल्पबुद्धीच्या हाती पडलेला क्षार विष, अग्नी, शस्त्र व वीज यांसारखा घातक होतो, असा इशाराही त्याच अध्यायात आहे. परंपरेचा हवाला देणाऱ्यांनी हा भाग सहसा वाचलेला नसतो.

बिब्बा, रुई व इतर

चांगल्या कार्यात ‘बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचार मराठीत रूढ झाला तो उगाच नव्हे. बिब्ब्याच्या कवचातील काळ्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, आणि पुष्कळांना त्याची तीव्र ॲलर्जी होऊन लावलेल्या जागेपलीकडे पुरळ पसरते. धोबी या तेलाने कपड्यांवर खुणा करीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांमध्ये अशा खुणांच्या जागी त्वचादाह आढळून आला व वैद्यकीय नियतकालिकांत त्याची नोंद झाली. बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या स्त्रियांच्या हातांवरील डाग आपल्याकडे अनेकांनी पाहिले असतील. आयुर्वेदात भल्लातक हे औषध आहेच, परंतु ते विटकरीच्या चुऱ्यात घोळून शुद्ध केल्यानंतर; तापविलेल्या सुईने कच्च्या बिब्ब्याचा चटका देणे म्हणजे ते औषध नव्हे.

रुईच्या चिकात प्रथिने विरघळविणारी द्रव्ये असतात आणि तो डोळ्यात गेल्यास बुबुळ सुजून दृष्टी अंधूक होते. ठेचलेला लसूण पट्टी बांधून रात्रभर ठेवल्यास खोलवर भाजल्याचे रुग्ण अनेक देशांतून नोंदले गेले आहेत. नवी भर पडली आहे ती सफरचंदाच्या शिरक्याची. इंटरनेटवरील कृती वाचून नाकावरील तीळ घालविण्यासाठी तो लावणाऱ्या अमेरिकेतील चौदा वर्षांच्या मुलीचे नाक भाजल्याचे वृत्त २०१५ मध्ये त्वचारोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तीळ काढण्याची मान्यता नसलेली मलमे विकणाऱ्यांना इशारापत्रे पाठविली. तेव्हा हा प्रश्न अडाणी खेड्याचा आहे असे समजण्याचे कारण नाही.

जळून गेलेला पुरावा

व्रण हा दिसणारा धोका झाला. न दिसणारा धोका अधिक गंभीर आहे. रंगपेशींपासून होणारा मेलॅनोमा हा कर्करोग प्रारंभी तिळासारखाच दिसतो. भारतात त्याचे प्रमाण लाखात एकाहूनही कमी आहे, म्हणून प्रत्येक तिळाची धास्ती घेणे अनाठायी होय. परंतु जो क्वचित होतो तो आपल्याकडे बहुधा तळपाय, तळहात व नखाखाली होतो, आणि नेमका तेथेच दुर्लक्षिला जातो. अनवाणी शेतात वावरणाऱ्या माणसाच्या तळपायावरील काळा डाग काटा मोडल्याचा, ठेचेचा किंवा कुरूपाचा समजून त्यावर चुना वा बिब्बा लावला जाण्याची शक्यता मोठी. जमैकाचे गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालील असा विकार प्रथम फुटबॉलच्या दुखापतीवर ढकलला गेला होता. १९७७ मध्ये निदान झाले व १९८१ मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

संशयास्पद तीळ ओळखण्याच्या खुणा न्यूयॉर्कच्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९८५ मध्ये मांडल्या. तिळाचे दोन अर्धे सारखे नसणे, कडा दातेरी वा अस्पष्ट असणे, एकाच तिळात अनेक रंग असणे, व्यास सहा मिलिमीटरहून अधिक असणे, या त्या चार खुणा; तिळात होत जाणारा बदल ही पाचवी खूण पुढे २००४ मध्ये जोडली गेली. खाज, रक्त येणे, चाळिशीनंतर नव्याने उगवलेला व वाढत जाणारा तीळ, नखात उभी उमटलेली रुंद काळी रेघ, यांचीही दखल घ्यावी.

अशा डागाचे निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होते. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की मेलॅनोमाची जाडी मिलिमीटरमध्ये मोजल्यास रुग्णाच्या भवितव्याचा अंदाज करता येतो. आजही शस्त्रक्रियेची व्याप्ती या मापावर अवलंबून असते. चुन्याने वरचा थर जळून गेला की हे माप घेता येत नाही. वरची खूण पुसली जाते, खाली रोग वाढत राहतो, आणि रुग्ण बरा झालो म्हणून निर्धास्त असतो. याच्या उलट अडचणही संभवते. निरुपद्रवी तीळ अर्धवट जाळल्यास उरलेल्या पेशी, बहुधा सहा महिन्यांच्या आत, व्रणात पुन्हा वाढतात व त्यांची ठेवण मेलॅनोमासारखी भासते. कॉर्नबर्ग व ॲकरमन यांनी १९७५ मध्ये यास ‘आभासी मेलॅनोमा’ असे नाव दिले.

उपाय आधीच केला असल्यास

चुना वा सोडा लावला गेला असल्यास कोरडा भाग पुसून काढावा व निदान वीस मिनिटे वाहत्या पाण्याने जागा धुवावी. सुश्रुताने आम्ल सांगितले म्हणून घरी लिंबू पिळू नये. आम्लाची तीव्रता व मात्रा घरी जुळवता येत नाही आणि भाजलेल्या जागी नवी इजा होते. डोळ्यात गेल्यास धुणे सुरू ठेवूनच रुग्णालय गाठावे. खपली ओढून काढू नये.

तीळ काढावयाचाच असल्यास जागा बधिर करून तो शस्त्राने छाटणे ही काही मिनिटांची लहान शस्त्रक्रिया आहे. बाळापूरच्या रुग्णास त्यासाठी अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व सर्वोपचार रुग्णालय जवळ आहे. ब्यूटी पार्लरमध्ये विजेच्या सुईने तीळ जाळून घेणे हा याला पर्याय नव्हे. तेथेही काढलेली ऊती तपासणीसाठी उरत नाही, आणि सुई निर्जंतुक नसल्यास काविळीच्या विषाणूंचा संसर्ग संभवतो. डॉक्टरांकडे गेल्यावर त्या जागी पूर्वी काय लावले, किती वेळा व केव्हा, हे संकोच न करता सांगावे. ऊतिपरीक्षेच्या अर्जावर ‘पूर्वी चुना लावला होता’ एवढी एक ओळ असेल, तर पॅथॉलॉजिस्टला व्रणातील उरलेला तीळ आणि कर्करोग यांत फरक करणे पुष्कळ सोपे जाते.