विमानाची खिडकी: डावी की उजवी?

पवनी तालुक्यातील कोंढ्याच्या माणसाला विमानाने जायचे तर सोयीचा विमानतळ नागपूरचाच. कुणाचा मुलगा हैदराबादला नोकरीला, कुणाची लेक दिल्लीत, कुणाचे उपचार मुंबईत. त्यामुळे आयुष्यभर धानाच्या बांधीत राबलेले आजी-आजोबाही आता विमानात बसू लागले आहेत. पहिला प्रवास म्हणून घरची मुले जादा पैसे भरून खिडकीची जागा घेतात. पण खिडकी कोणत्या बाजूची, हे सहसा कुणी पाहत नाही. मग वाटभर डोळ्यांवर ऊन येते, झाप खाली ओढली जाते आणि पैसे मोजून घेतलेले दृश्य हुकते.

उन्हाच्या बाजूने कमी का दिसते, याचे उत्तर संध्याकाळी घरी परतणाऱ्या गुरांच्या धुळीत आहे. मावळतीकडे तोंड करून पाहिले की सगळी धूळच चमकते, गुरे दिसत नाहीत. पाठ मावळतीकडे केली की त्याच धुळीतून समोरचे झाड स्वच्छ दिसते. हवेतील बारीक कण प्रकाश पुढच्या दिशेने जास्त विखुरतात, म्हणून असे होते. विमानाची खिडकी ॲक्रिलिकची असते. तिच्यावरचे बारीक ओरखडेही उन्हात पांढरे चमकतात. म्हणून साधा नियम असा : सूर्य ज्या बाजूला, त्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी घ्यावी.

हैदराबादचे विमान दक्षिणेकडे जाते. सकाळी सूर्य डावीकडे असतो, तेव्हा उजवी खिडकी चांगली, दुपारनंतर डावी. दिल्लीचे विमान उत्तरेकडे जाते, तिथे नेमके उलट. आसनाच्या क्रमांकातील ‘ए’ हे अक्षर डाव्या खिडकीचे. एका रांगेत सहा आसने असतील तर ‘एफ’ उजव्या खिडकीचे. पंखाजवळच्या रांगांतून मात्र जमिनीऐवजी पंखच दिसतो. पंखामागच्या खिडकीतून इंजिनाच्या गरम हवेमुळे दृश्य थरथरते. म्हणून शक्यतो पुढची रांग घ्यावी.

मुंबईच्या वाटेवर हा नियम थोडा अडतो. विमान पश्चिमेकडे, किंचित दक्षिणेला झुकून जाते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, म्हणजे दिवसाचा बराच वेळ डावीकडे असतो. त्या हिशेबाने उजवी खिडकी बरी. पण लोणारचे उल्काविवर नागपूर-मुंबई सरळ रेषेच्या सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेला, म्हणजे डावीकडे येते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे गोल विवर वरून पाहायचे असेल, तर एप्रिल-मेमधील भल्या सकाळचे विमान घ्यावे. त्या वेळी सूर्य जवळजवळ पाठीमागे असतो आणि ऊन कोणत्याच खिडकीला फारसे त्रास देत नाही. अर्थात, विमानाचा नेमका मार्ग हवामान आणि हवाई नियंत्रण कक्षाच्या सूचनांनुसार बदलतो.

नियमाला अपवादही आहेत. भंडारा हा तलावांचा जिल्हा. इथले मामा तलाव आरशासारखे लखलखताना पाहायचे तर सूर्याच्याच बाजूला बसावे लागते. उलट पावसाळ्यात ढगांवर पडलेली विमानाची सावली आणि तिच्याभोवतीचे रंगीत कडे सूर्याच्या विरुद्ध बाजूलाच दिसते.

खिडकीशी बसणाऱ्यांनी थोडी काळजीही घ्यावी. काचेतून थेट सूर्याकडे पाहू नये. विमान उतरताना कान दडपले तर गोळी चघळावी, आवंढा गिळावा. देशातले प्रवास तास-दोन तासांचे असतात. पण परदेशी मुलांकडे जाताना प्रवास लांबतो. चार तासांहून अधिक वेळ बसून राहिल्यास पायातील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अहवालात म्हटले आहे. मूळचा धोका कमी असला, तरी शेजाऱ्याला उठवायचा संकोच म्हणून खिडकीजवळचा माणूस तासन् तास हलत नाही. त्याने घोटे फिरवावेत, अधूनमधून उठून दोन पावले चालावे. आधी गुठळीचा त्रास झालेल्यांनी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आणि आपला मुलूखच पाहायचा असेल तर? नागपूरहून कोलकात्याकडे सरळ रेषा काढली, तर ती भंडारा शहरावरून जाते. पवनी, कोंढा आणि गोसेखुर्दचा जलाशय उजव्या हाताला राहतो. हिवाळ्यात ही उन्हाची बाजू. तरीही ‘एफ’च घ्यावी. उड्डाणानंतर हाताशी मोजकीच मिनिटे असतात. कोंढ्याची घरे एवढ्या लांबून ओळखू येणार नाहीत. पण वैनगंगेची रेघ आणि जलाशयाचा पसारा सापडला, की आपले गाव कुठे असेल हे आजोबांना सांगावे लागणार नाही.