बाळाला जुलाब लागलेत? थांबवायची घाई नको, आधी अंगातलं पाणी भरून काढा

पाऊस सुरू झाला की विहिरीचं, नळाचं पाणी गढूळ येतं आणि घरोघरी लहान पोरांना जुलाब लागतात. मग घरात पहिला प्रश्न येतो, 'जुलाब थांबवायचं औषध कोणतं?' इथंच चूक होते. बहुतेक जुलाब चार-पाच दिवसांत, फार तर आठवडाभरात आपोआप थांबतात. बाळाच्या जिवाला खरा धोका असतो तो अंगातलं पाणी आणि क्षार कमी होण्याचा. म्हणून पहिलं काम एकच : जेवढं पाणी बाहेर गेलं, तेवढं परत आत घालायचं.

'टाळू बसली' म्हणजे काय?

तान्ह्या बाळाची टाळू खोल गेली की आपल्याकडे 'टाळू बसली' म्हणतात आणि तेल घालून टाळू भरतात. म्हाताऱ्या माणसांनी ओळखलेलं लक्षण बरोबर आहे, पण उपाय चुकतो. अंगातलं पाणी आटलं म्हणून टाळू खाली जाते. ती वरून तेल घालून भरत नाही, पोटातून पाणी गेल्यावरच भरते. 'दात येताहेत म्हणून जुलाब होतात, होऊ द्या' असं म्हणूनही गप्प बसू नका.

ओआरएस कसं बनवायचं?

ओआरएसमध्ये मीठ आणि साखर ठरावीक मापात असते. आतड्यात साखरेबरोबर मीठ शोषलं जातं आणि त्यांच्या मागोमाग पाणी अंगात जातं. म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

- आधी साबणाने हात धुवा. पाणी उकळून गार केलेलं घ्या.
- पाकिटावर किती पाणी लिहिलंय ते वाचा. मोठं पाकीट १ लिटरचं असतं, छोटं २०० मिलीचंही मिळतं.
- अख्खं पाकीट एकदम टाका. पेल्यात थोडी थोडी पूड टाकून देऊ नका, त्यात मीठ जास्त झालं तर बाळाला अपाय होतो.
- त्यात दूध, साखर, सरबत काही घालू नका. तयार पाणी परत उकळू नका.
- झाकून ठेवा. २४ तासांनंतर उरलेलं टाकून द्या.

पाकीट मिळेपर्यंत घरी करायचं असेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ यापेक्षा जास्त नको.

दुकानात फळांच्या चवीची गोड पेयं मिळतात. ती ओआरएस नव्हेत. कोल्ड्रिंक, चहा, नुसतं ग्लुकोजचं पाणीही देऊ नका. जास्त साखरेने जुलाब वाढतात.

किती पाजायचं?

दर पातळ संडासनंतर २ वर्षांपर्यंतच्या बाळाला पाव ते अर्धा पेला (५० ते १०० मिली), २ ते ५ वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक पेला (१०० ते २०० मिली). बाटलीने नको, वाटी-चमच्याने हळूहळू. उलटी झाली तर १० मिनिटं थांबा, मग दोन-तीन मिनिटांनी एक-एक चमचा द्या. 'उलटी झाली, आता काही देऊ नको' असं करू नका.

झिंकची गोळी १४ दिवस

ओआरएसबरोबर झिंक द्यायचं. २ ते ६ महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे २० च्या गोळीची अर्धी. ६ महिने ते ५ वर्षांपर्यंत रोज २० मिलिग्रॅमची एक. चमचाभर आईच्या दुधात किंवा स्वच्छ पाण्यात विरघळवून द्या. जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा.

अंगावरचं दूध बंद करू नका, उलट जास्त वेळा पाजा. ६ महिन्यांपुढच्या बाळाला मऊ वरण-भात, खिचडी, केळं, दही थोडं थोडं द्या. उपाशी ठेवलं तर पोर आणखी खंगतं. मेडिकलमधून मनाने जुलाब थांबवायची गोळी किंवा अँटिबायोटिक आणू नका.

सलाईनच हवं का?

गरज नसते. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन अपुरं पडलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून लोकांना पाजायला लावलं आणि तिथलं मृत्यूचं प्रमाण खूप कमी झालं. बाळ तोंडाने पीत असेल तर ओआरएस पुरतं. पिणंच बंद झालं, तर मात्र दवाखाना गाठायचा.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

- बाळ सुस्त पडलंय, उठवलं तरी नीट जागं होत नाही
- पाणी किंवा अंगावरचं दूध पीत नाही, किंवा घेतलेलं सगळं उलटून टाकतं
- डोळे खोल गेलेत, रडताना पाणी येत नाही
- सहा तासांत लघवी झाली नाही
- पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच सपाट होत नाही
- संडासात रक्त, झटके किंवा जास्त ताप
- बाळ २ महिन्यांच्या आतलं आहे

यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. बाळ पिऊ शकत असेल तर वाटेतही ओआरएस पाजत राहा.

ओआरएस आणि झिंक आशाताईंकडे आणि उपकेंद्रात मोफत मिळतं. रात्री दीडला पोर आजारी पडलं की कुणाचं दार वाजवायचं, हा प्रश्न पडायला नको. आजच दोन पाकिटं आणून डब्यात ठेवा. आणि तान्ह्याला ६, १० आणि १४ आठवड्यांना रोटाव्हायरसची लस दिली की नाही, तेही कार्डावर बघून घ्या.