‘आपल्या आई-वडिलांस’, लॅटिनमध्ये

स्टुटगार्टच्या बाड कानश्टाट भागात पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमन घोडदळाची छावणी होती. या प्रदेशातले रोमन कोरीव दगड नोयेस श्लॉस राजवाड्याच्या तळघरात मांडलेले आहेत. जरूर पाहा!

रोमन थडग्यांवर मुलं आई-वडिलांसाठी ‘पारेंतिबुस सुइस’ असं कोरत. शेवटचं ‘इबुस’ म्हणजे आपली चतुर्थी: आई-वडिलांस. एकवचनातली ‘मात्री’, ‘पात्री’ ही रूपं तर थेट संस्कृतच्या ‘मात्रे’, ‘पित्रे’ची भावंडं. इंग्रजीत मात्र ‘टू’ जोडावं लागतं.

खरी अडचण ‘सुइस’ची. इंग्रजीला ‘हिज’, ‘हर’ की ‘देअर’ हे ठरवावंच लागतं, त्यामुळे आधी दगड उभारणाऱ्याचं नाव शोधा. मराठीत नुसतं ‘आपल्या’ पुरतं. म्हणूनच मी आधी मराठीत उतरवतो, मग इंग्रजीकडे वळतो. फार सोपं जातं.

शेवटी अनेकदा ‘एफ.सी.’ असतं: ‘फाकिएंदुम कुरावित’, म्हणजे ‘करवून घेतलं’. मराठी प्रयोजक रूप इथे किती चपखल बसतं!

स्वतःच्या प्रबंधाची अर्पणपत्रिका लॅटिनमध्ये लिहायची असेल तर ‘सुइस’ऐवजी ‘मेइस’ लिहा: ‘पारेंतिबुस मेइस’, माझ्या आई-वडिलांस.