पडद्यावरचा तो कागद : एकाच सिनेमाची वेगवेगळी रूपं कशी तयार होतात?



मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. शाळेच्या स्मार्ट टीव्हीवर पाचवीच्या पोरांना एक बालचित्रपट दाखवत होते. सिनेमा सुरू होण्याआधी तो नेहमीचा कागद पडद्यावर आला. एका मुलीने विचारलं, "मॅडम, हा कागद कायले दाखवते?"

मी म्हटलं, "हा सिनेमा तुम्ही पाहू शकता, असं त्यात लिहून दिलेलं असतं."

"अन् नाही पाहू शकत असं असलं तं?"

"तर फक्त मोठ्यांना दाखवतात. नाहीतर थोडा भाग कापतात."

"मंग थे कापलेलं कोठं जाते?"

खरं सांगू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन वाचायला घेतलं आणि लक्षात आलं की हा प्रश्न पोरांचा नाही, आपलाच आहे. म्हणून हा लेख.

१) हा कागद देतं कोण?

आपण सवयीने 'सेन्सॉर बोर्ड' म्हणतो. पण १ जून १९८३ पासून त्याचं नाव 'केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ' असं आहे. मुख्य कार्यालय मुंबईत आणि देशभरात नऊ प्रादेशिक कार्यालयं. कायदा आहे १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा. या मंडळाच्या प्रमाणपत्राशिवाय भारतातल्या कोणत्याही टॉकीजमध्ये सिनेमा लावता येत नाही.

निर्माता अर्ज करतो. मग मंडळाचा अधिकारी आणि सल्लागार सदस्य मिळून सिनेमा पाहतात. पाहून झालं की तीन गोष्टींपैकी एक होते : सिनेमा आहे तसा पास होतो, काही बदल करून पास होतो किंवा प्रमाणपत्र नाकारलं जातं. निर्मात्याला निर्णय पटला नाही तर पुनरीक्षण समिती असते. त्यापुढे पूर्वी अपील न्यायाधिकरण होतं. ते २०२१ मध्ये बंद झालं, आता थेट उच्च न्यायालयात जावं लागतं.

२) प्रमाणपत्रांचे प्रकार

• यू : सर्वांसाठी.
• यूए : मुलांनी पाहावा की नाही हे आईवडिलांनी ठरवायचं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर याचे तीन भाग झाले : यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+.
• ए : फक्त १८ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी.
• एस : डॉक्टर वगैरे विशिष्ट गटासाठी.

इथे पालकांचा नेहमी गोंधळ होतो. 'ए' म्हणजे कायद्याने बंदी. त्या सिनेमाला लहान मुलाला टॉकीजमध्ये सोडताच येत नाही. 'यूए' मात्र सल्ला आहे. १३+ लिहिलं असलं तरी दहा वर्षांच्या मुलाला दारावर कुणी अडवत नाही. तिथले पहारेकरी आपणच!

३) मग एका सिनेमाचे दोन सिनेमे कसे होतात?

आपल्याला वाटतं, सिनेमा आधी पूर्ण तयार होतो आणि प्रमाणपत्र नंतर त्याला चिकटवतात, बरणीवर चिठ्ठी लावावी तसं. पण तसं होत नाही. हवी ती चिठ्ठी मिळावी म्हणून पुष्कळदा बरणीतलं लोणचंच बदललं जातं.

आपल्याकडच्या मंडईचं उदाहरण घ्या. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्री दंडार असते, झाडीपट्टीचं नाटक असतं. पुढच्या रांगेत लेकरं आणि बायाबापड्या बसल्या असल्या की सोंगाड्या आपले काही विनोद आवरतेच घेतो. रात्र चढली, लेकरं झोपली की तोच सोंगाड्या मोकळा सुटतो. खेळ तोच, पण समोर कोण बसलंय त्यावर त्याचं रूप बदलतं. सिनेमात हेच घडतं, फक्त तिथे निर्णय कागदावर होतो आणि त्यात पैसा असतो. 'ए' मिळालं की मुलं गेली आणि मुलांसोबत येणारं अख्खं कुटुंब गेलं. म्हणून निर्मात्यापुढे दोन रस्ते असतात : सिनेमा अख्खा ठेवा आणि 'ए' घ्या, किंवा काही काढा आणि 'यू' अथवा 'यूए' घ्या.

ख्वाजा अहमद अब्बास यांच्या एका माहितीपटाचं असंच झालं. चार महानगरांतली श्रीमंती आणि गरिबी त्यांनी शेजारी शेजारी दाखवली होती. त्यात मुंबईतल्या वेश्यावस्तीची काही दृश्यं होती. त्यांना 'यू' हवं होतं, मिळालं 'ए'. अपिलात सांगण्यात आलं की ती दृश्यं काढा, मग 'यू' देतो. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. खटला चालू असतानाच सरकारने कट न घेता 'यू' द्यायचं मान्य केलं. पण १९७० मध्ये निकाल आला तो मूळ प्रश्नावर. सिनेमाचा मनावर होणारा परिणाम इतर माध्यमांपेक्षा वेगळा आणि खोल असतो, म्हणून आधी तपासणी आणि वयानुसार वर्गवारी घटनेत बसते, असं न्यायालयाने म्हटलं. निकाल देणारे सरन्यायाधीश होते हिदायतुल्ला, जे पूर्वी आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.

दुसऱ्या रस्त्याचं उदाहरण म्हणजे रवी जाधव यांचा मराठी सिनेमा 'न्यूड'. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाईची ती गोष्ट. २०१७ मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवातून तो ऐनवेळी वगळला गेला. पण जानेवारी २०१८ मध्ये मंडळाने एकही कट न देता त्याला 'ए' प्रमाणपत्र दिलं. प्रेक्षक कमी झाले, सिनेमा मात्र अख्खा राहिला.

४) हे आजचं नाही

इंग्रजांच्या काळात मुंबईच्या सिनेमांची तपासणी पोलीस आयुक्तांच्या अध्यक्षतेखालचं मंडळ करायचं. १९३० साली कोल्हापुरात 'प्रभात'ने शिवाजी महाराजांवर मूकपट काढला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचं आणि महाराजांच्या भूमिकेतही तेच. नाव ठेवलं होतं 'स्वराज्याचे तोरण'. मिठाच्या सत्याग्रहाचं ते वर्ष! 'स्वराज्य' हा शब्द सरकारला कसा चालेल? नाव बदलून 'उदयकाल' करावं लागलं.

पाच वर्षांनी पुन्हा तेच. 'प्रभात'ने संत एकनाथांवर सिनेमा केला, बालगंधर्व एकनाथ झाले. नाव होतं 'महात्मा'. पण महात्मा म्हटलं की लोकांना गांधीजीच आठवणार. सिनेमा पडद्यावर आला तो 'धर्मात्मा' या नावाने.

आता बघा, या दोन्ही वेळी लहान मुलांच्या वयाचा काही संबंध होता का? नव्हता. म्हणजे कात्री दोन प्रकारची असते. एक वयाची कात्री : हे लेकरांनी पाहू नये. दुसरी वादाची कात्री : हे कुणीच पाहू नये, नाहीतर गडबड होईल. कागद मात्र दोन्हींचा सारखाच दिसतो. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

'शोले'चंही तसंच. १५ ऑगस्ट १९७५ ला तो आला तेव्हा आणीबाणी होती. मूळ शेवटात ठाकूर खिळे लावलेल्या बुटांनी गब्बरला संपवतो. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेतलेला चालणार नाही, म्हणून पोलीस येऊन थांबवतात असा नवा शेवट चित्रित करावा लागला. आपल्या आईवडिलांनी पाहिला तो हाच. मूळ शेवट असलेली पूर्ववत केलेली प्रत जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. कापलेलं कुठं जातं? कधी कधी डब्यात पन्नास वर्षं पडून राहतं.

५) टीव्ही आणि मोबाईल

टीव्हीवर 'ए' सिनेमा दाखवता येत नाही. यामागे मुंबईतल्या प्राध्यापक प्रतिभा नैथानी यांनी मुंबई उच्च न्यायालयात दिलेली लढाई आहे. एका शिक्षिकेच्या याचिकेमुळे घराघरातला टीव्ही बदलला, हे आपण लक्षात ठेवू. तेव्हापासून 'ए' सिनेमाला टीव्हीवर यायचं तर कापून पुन्हा प्रमाणपत्र घ्यावं लागतं. 'द डर्टी पिक्चर'मध्ये २०१२ साली त्यासाठी पन्नासहून जास्त कट झाले, तरी ठरलेल्या दिवशी तो ऐनवेळी थांबवला गेला.

मोबाईलवरच्या ओटीटीचं वेगळं. तिथे २०२१ च्या नियमांनुसार कंपनी स्वतःच वयाचा शिक्का लावते, मंडळाकडे जावं लागत नाही. त्यामुळे एकच सिनेमा टॉकीजमध्ये एक, टीव्हीवर दुसरा आणि मोबाईलवर तिसरा असू शकतो. ओटीटीवर पालकांसाठी कुलूप असतं, ते लावायला शिका ही पालकांना विनंती.

६) 'फुले' आणि माझी स्वतःची कात्री

आता आपल्या शाळेच्या सगळ्यात जवळचं उदाहरण. अनंत महादेवन यांचा 'फुले' हा हिंदी सिनेमा ११ एप्रिल २०२५ ला, जोतिबांच्या जयंतीला येणार होता. ट्रेलरवर काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला आणि सिनेमा २५ एप्रिलला आला. मंडळाने त्याला 'यू' दिलं होतं, म्हणजे आपली सगळी मुलं पाहू शकतात. पण काही बदलांसह. 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढायला सांगितले. तीन हजार वर्षांच्या गुलामीचा उल्लेख 'अनेक वर्षे' असा झाला. झाडू बांधलेल्या माणसाचं दृश्य बदलायला सांगितलं. सावित्रीबाईंवर शेण फेकणारी मुलं मात्र राहिली. हे कट नव्हेत, दुरुस्त्या आहेत, अशी दिग्दर्शकांची भूमिका होती.

मंडळाची अडचण मी समजू शकते. जातीची नावं आजही शिवी म्हणून वापरणारे लोक आहेत. पण दुसरी बाजूही पाहू. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्यांना कमरेला झाडू बांधून चालावं लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवलं आहे. तेच बाबासाहेब, ज्यांनी १९५४ ची पोटनिवडणूक आपल्या भंडाऱ्यातून लढवली. आणि फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहिला, त्याचा विषयच होता मांग-महारांचं दुःख. म्हणजे जे शब्द एका शाळकरी मुलीने स्वतःच्या हाताने लिहिले, ते आजच्या शाळकरी मुलांच्या सिनेमात नकोत असं ठरलं.

हे वाचताना मला माझंच आठवलं आणि लाज वाटली. दोनतीन वर्षांपूर्वी ३ जानेवारीला मी मुक्ताबद्दल सांगत होते. समोर सगळ्या समाजांची लेकरं. कुणाला वाईट वाटेल, कुणी घरी जाऊन वेगळंच सांगेल, म्हणून मी म्हटलं, "मुक्ताने काही लोकांच्या दुःखाबद्दल लिहिलं." मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "कोणत्या लोकाईच्या, मॅडम?" मी विषय बदलला. त्या दिवशी सेन्सॉर बोर्ड मीच होते. माझी कात्री वयाची नव्हती, वादाची होती.

यावर्षी मी पूर्ण विषय सांगितला. आधी पाच मिनिटं समजावलं की जातीचं नाव ही शिवी नाही, ते शिवीसारखं वापरणं हा गुन्हा आहे. मग मुक्ताची गोष्ट सांगितली. पोरं शांत ऐकत होती. भांडण झालं नाही, कुणाच्या घरून तक्रार आली नाही. एका मुलीने एवढंच म्हटलं, "थे माझ्याहून तीनच वर्सानं मोठी होती."

७) वर्गात करून पाहा

१. घरी सिनेमा पाहताना सुरुवातीचा कागद वाचून यायला सांगा : नाव, भाषा, प्रमाणपत्र कोणतं.
२. एक छोटी गोष्ट द्या. एका गटाने ती पहिलीच्या मुलांसाठी लिहावी, दुसऱ्याने आठवीच्या. काय काढलं, काय ठेवलं आणि का, हे फळ्यावर लिहा.
३. काढलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे मुलांनीच ठरवावं : वयाची कात्री की वादाची?

तिसऱ्या भागात पोरं जोरजोरात वाद घालतात. घालू द्या, तोच खरा पाठ आहे.

लेकरांना मारधाड आणि अश्लील गोष्टींपासून जपायलाच हवं, त्याबद्दल दुमत नाही. पण 'यू' लिहिलं म्हणजे पूर्ण खरं सांगितलं, असा त्याचा अर्थ होत नाही. राहिलेलं सांगायचं काम सिनेमानंतर आपलं असतं.

त्या मुलीला मी नंतर उत्तर दिलं, "कापलेलं पुष्कळदा पुस्तकात असते, बाई. शोधावं लागते." तिने लगेच विचारलं, "आपल्या शाळेच्या पेटीत हाय का थे पुस्तक?"

नव्हतं. आता आणलंय.

तुमच्या वर्गातले अनुभव जरूर कळवा.