स्वर तोच, लांबी वेगळी

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांचा खर्चही मंजूर केला. अशा वेधशाळांमधून विश्वाचा ‘आवाज’ ऐकू येतो, असे हौसेने सांगितले जाते. ते ऐकायला गोड आहे, पण खरे नाही. ते का खरे नाही, हे दाखवायला शाळेतले तरंगलांबीचे गणित पुरते.

लहरीचा वेग म्हणजे वारंवारिता गुणिले तरंगलांबी. म्हणून तरंगलांबी हवी असेल तर वेगाला वारंवारितेने भागायचे. वारंवारिता ठरवतो आवाज करणारा; वेग ठरवते हवा. शून्य अंश सेल्सिअसला ध्वनी सेकंदाला सुमारे ३३१ मीटर जातो आणि दर अंशामागे त्याचा वेग ०.६ मीटरने वाढतो, कारण तापलेल्या हवेतले रेणू जलद हालतात आणि धक्का लवकर पुढे पोचवतात. हिवाळ्यातल्या पहाटे पारा १० अंशांवर असेल तर वेग ३३७ मीटर. उन्हाळ्यात ४२ अंशांवर गेला तर ३५६. २४० हर्ट्झचा एकच स्वर पहाटे १४० सेंटीमीटर लांबीचा असतो आणि भर उन्हात १४८ सेंटीमीटरचा. हवेच्या दाबाचे काय, असा प्रश्न इथे येतो. तापमान तेच राहून दाब वाढला, तर घनताही त्याच प्रमाणात वाढते आणि वेग जिथल्या तिथे राहतो. दमटपणाने तो किंचित वाढतो, पण रोजच्या हिशेबात तेवढे सोडून देता येते.

कानाला तर उंच-खाली स्वर कळतो, लांबी कळत नाही. मग तिची उठाठेव कशाला? आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. बासरीच्या नळीची लांबी ठरलेली असते, म्हणजे तिच्यात मावणारी लहरही ठरलेली. वेग वाढला की लांबी बदलू शकत नाही, स्वरच चढतो. वरच्या दोन तापमानांत हा फरक जवळजवळ अर्ध्या स्वराचा होतो. (वादकाचा उबदार श्वास नळीत भरतो म्हणून प्रत्यक्षात तो कमी जाणवतो, हेही सांगायला हवे.) संत नामदेवांच्या नर्सीत कीर्तन रंगले असताना भिंतीआड उभ्या असलेल्या माणसापर्यंत मृदंगाचा खर्ज पोचतो, टाळांची किणकिण मात्र विरळ होते. १०० हर्ट्झची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते, ती भिंतीला वळसा घालते. ५,००० हर्ट्झची जेमतेम सात सेंटीमीटर, ती भिंतीमागे फारशी वळत नाही. लहर अडथळ्यापाशी कशी वागेल हे तिची लांबी सांगते, आणि ते कानालाही कळतेच.

आता औंढ्याकडे वळू. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी पहिली गुरुत्वीय लहर पकडली. तिची वारंवारिता क्षणार्धात ३५ हर्ट्झवरून २५० पर्यंत चढली. या वारंवारिता माणसाच्या कानाच्या टप्प्यातल्या, म्हणून तो संकेत ध्वनिवर्धकातून वाजवता आला. ‘आवाज’ हा शब्द आला तो इथून. वाजवण्यात खोटे काही नव्हते; स्वराची चढण अस्सलच होती. पण लांबी काढून पाहा. २५० हर्ट्झचा ध्वनी हवेत सुमारे १.४ मीटरचा असतो. गुरुत्वीय लहर प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते, म्हणून तीच वारंवारिता तिथे १,२०० किलोमीटरची लहर होते. तिला हवा लागत नाही. उलट हवेची लुडबुड नको म्हणून औंढ्याला चार-चार किलोमीटरच्या दोन्ही भुजांमध्ये निर्वात नळ्या असतील आणि त्यांतून लेसर किरण जातील.

वेगातला हा फरक वेधशाळेच्या कामाचाच आहे. अमेरिकेतल्या त्या दोन वेधशाळा लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड इथे आहेत; या दोन ठिकाणांमध्ये सुमारे तीन हजार किलोमीटर अंतर आहे. ती लहर पहिल्या ठिकाणी पोचल्यावर सात सहस्रांश सेकंदाने दुसऱ्या ठिकाणी पोचली. हवेतून जाणाऱ्या ध्वनीला तेवढे अंतर कापायला जवळजवळ अडीच तास लागले असते. पोचण्याच्या वेळांमधल्या अशा सूक्ष्म फरकांवरूनच लहर आकाशाच्या कुठल्या भागातून आली हे काढता येते. वेधशाळा एकमेकींपासून जितक्या दूर, तितका हा अंदाज नेमका. अमेरिकेपासून इतक्या लांब असलेल्या औंढ्याचे मोल त्यात आहे.